बशी क्रमांक सतरा

इथे वारा दिवसांत मोजतात:
एकशेवीस.
आज त्र्याहत्तरावा.
झाबोलच्या शाळेच्या गच्चीवर मी चार बशा मांडल्या,
सतरा ते वीस,
कडांना दगड लावले, झाकणं काढली
आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले पंधरा मिनिटं,
दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभं राहावं तशी.
खालच्या वर्गात खिडक्यांना ओली फडकी.
पोरं खोकत खोकत भागाकार करत होती.

गच्चीची किल्ली शहनवाजकडे असते.
तळं होतं तेव्हा तो हामूनमध्ये लव्हाळ्याची होडी
बांबू रोवत रोवत न्यायचा.
आता पहारेकरी. चालतो अजून तसाच,
पायाखाली काहीतरी हलतंय असा.
खोकला थांबला की माफी मागतो,
माझी नाही, समोरच्या भिंतीची.

"जाळं नाही, गळ नाही. पकडतेस काय, माहगंज?"
म्हटलं, हवेतली बुरशी. जिवाणू.
धुळीच्या एका कणावर
अख्खं गाव बिऱ्हाडासकट बसून येतं, काका.
"मग इथे कशाला उतरतात?" तो म्हणाला,
"शहाणे असते तर गोरगानला गेले असते.
माझी सगळी गेली."

तीन दिवस उबवणीच्या पेटीत.
मग बशा बोलू लागल्या.
काळे ठिपके, काजळ लावताना बोट टेकल्यासारखे.
हिरवट, मखमली, शिळ्या नानवर असते तीच.
एक गुलाबी, मला अजून नाव न सापडलेली.
आणि सतरामध्ये एकच पांढरी,
खडूसारखी कोरडी, नख रुतावं तशी घट्ट रुतलेली.
मी मोजते. मोजणं हे माझं काम आहे.
घाबरायचं ते घरी गेल्यावर.

तो दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून.
"यातलं तळ्याचं कोणतं?"

खरं उत्तर: माहीत नाही.
वारा सरहद्दीपलीकडून येतो, पडीक शेतांवरून,
कबरींवरून, गुरं गेली त्या गोठ्यांवरून,
आणि पत्ता लिहून देत नाही कुणाचाच.
पण बोट माझं. मला न विचारता
सतराच्या पांढऱ्या ठिपक्यावर जाऊन थांबलं.

झाकण उघडायचं नसतं.
हा पहिला नियम, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला,
माझ्याच अक्षरात.
मी बोटभर उघडलं.
त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं, वाकला.
लव्हाळं मुळापासून उपटल्यावर हाताला येतो तो वास,
पोहून परतलेल्या गाईच्या पोटाचा,
जाळ्याच्या तळाच्या दोरीचा.
यातला एकही मला आला नाही.
मला नुसती ओली माती आली.
बाकीचं तो सांगत होता, डोळे मिटून,
मध्येच खोकला आला
आणि तोंड वळवायला उशीर झाला.

दोन दिवसांनी पांढऱ्याच्या शेजारी
एक नवी, चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढी.
ही हवेतली नव्हे.
वहीत लिहिलं: सतरा, दूषित, रद्द.
कारणाच्या रकान्यात: निष्काळजीपणा.
सुईच्या टोकावर थोडी घेऊन
वेगळ्या बशीत ओढली. नाव कळायला वेळ लागेल.
त्याला म्हटलं, उद्या दवाखान्यात चल, मी येते सोबत.
"येतो की," म्हणाला. "पण वारा थांबला
की पुन्हा एकदा वास दे."

अठरा, एकोणीस, वीस गेल्या वाफेत,
एकशेएकवीस अंश, पंधरा मिनिटं,
जितका वेळ त्यांना वारा दिला होता तितकाच.
सतरा टेबलाच्या खणात आहे.
चुकीचं आहे. मला कळतं.

आज एकोणऐंशी.
खण बंद असूनही झाकणावर धूळ बसलीय.
दवाखान्याच्या रांगेत शहनवाज माझ्यापुढे,
हलक्या होडीत उभा असल्यासारखा,
एका पायावरून दुसऱ्या पायावर.